सतरा नंबरचं रिकामं घर

आमच्या घरात एक हिरवी लोखंडी पेटी आहे. तिचं झाकण उघडलं की आतलं एक घर रिकामं दिसतं, आणि येणाऱ्या प्रत्येक शहाण्याला नेमकं तेच दिसतं. "इथलं काय हरवलं?" अशी चौकशी होते. "सतरा नंबरचा पाना," मी सांगते. "मग आणा की नवा! कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो." मिळतो, मला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या घरातलं रिकामं काही दिसलं की लोकांचे हात नुसते शिवशिवतात. मी विषय बदलते, कारण सासूबाई बहुतेक वेळा शेजारच्याच खोलीत असतात आणि ही गोष्ट त्यांच्या कानावर पडू नये असं मला वाटतं.

पेटी माझ्या सासऱ्यांची. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. बिस्किटांच्या कारखान्यात ते फिटर होते, म्हणजे यंत्रं बिघडली की दुरुस्त करायची हे त्यांचं काम. घरी येत तेव्हा कपड्यांना एका बाजूने ग्रीसचा आणि दुसऱ्या बाजूने भाजलेल्या साखरेचा वास असे. गल्लीतले लोक त्यांना पेटीवाले काका म्हणत. खरं नाव पोस्टमनला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे.

मी लग्न होऊन त्या दोन खोल्यांच्या घरात आले तेव्हा मला पहिल्या दिवशी सांगण्यात आलं की पेटीला हात लावायचा नाही. सांगितलं सासूबाईंनी, आणि तेही कुजबुजत. मला वाटलं आत काय सोनंनाणं आहे की काय. एकदा सासऱ्यांनी झाकण उघडलं तेव्हा मी मान लांब करून पाहिलं. पाने, पकडी, कानशी, छन्न्या, हातोडी. माझा चेहरा पडलेला बघून म्हातारा मनापासून हसला.

पण नीट पाहिलं तर ती पेटी साधी नव्हती. कारखान्यातला जुना रबरी पट्टा टाकून देणार होते, तो त्यांनी मागून आणला होता. त्याचे तुकडे पेटीत बसवून त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापली होती. त्या खाचेला ते घर म्हणत. पक्कड पकडीच्या घरात, हातोडी हातोडीच्या घरात. दुसरं काही तिथे बसणारच नाही. बाकीचे फिटर आपल्या हत्यारांवर रंगाचे पट्टे मारत, नावाची अक्षरं कोरत. सासरे नाक मुरडत. "निशाणी कशाला? घर आहे ना त्याला."

त्यांची पद्धत अशी होती. काम संपलं की हत्यारं जागच्या जागी ठेवायची, झाकण लावायच्या आधी पेटीवर एक नजर टाकायची, आणि एकही घर रिकामं नसेल तरच यंत्र सुरू करायला सांगायचं. रिकामं दिसलं, तर ते हत्यार यंत्राच्या पोटात राहिलंय असं धरून शोधायला लागायचं. खाण्याचा माल बनतो तिथे लोखंडाचा तुकडा राहणं म्हणजे केवढी भानगड, ते वेगळं सांगायला नको. "मोजत बसणारा चुकतो," ते म्हणत, "रिकामी जागा आपण होऊन ओरडते." आमच्या ह्यांनी ते ऐकून ऐकून पाठ केलं होतं. भिंतीत सरळ खिळा मात्र त्यांना आजतागायत ठोकता येत नाही.

घरात त्या पेटीचे आणखी शंभर उपयोग होते. सासरे तिच्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधत. बस लवकर आली नाही तर थांब्यावर तिच्यावरच बसून राहत. माळ्यावरचं काही काढायचं असलं की ती पायाखाली घ्यायची परवानगी फक्त त्यांना स्वतःला होती. सासूबाईंनी एकदा तिच्यावर कुंडी ठेवली होती, तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण कुंडीकडे असे बघत राहिले की सासूबाईंनीच ती उचलली. शेजारी हत्यार मागायला आले तर ते कधी देत नसत. "पाना देणार नाही, मी येतो," म्हणत आणि जेवणावरून उठून जात. हत्यार देण्यापेक्षा स्वतःला देणं त्यांना सोपं वाटे.

कारखान्यात त्यांचा एकच दोस्त होता. पीठ मळायच्या मोठ्या मिक्सरवर काम करायचा. काम करताना सतत काहीतरी गुणगुणायचा, म्हणून सगळे त्याला गुणगुण्या म्हणत. घरी यायचा तेव्हा जिना चढतानाच त्याचा आवाज यायचा आणि सासूबाई चहाचं आधण वाढवायच्या. "वहिनी, ह्या फिटरला पेटीसकट माझ्याकडे पाठवा, तुम्ही सुटाल," असं तो म्हणायचा. मिक्सरच्या मागे खिळ्याला त्याने स्वतःचा एक सतरा नंबरचा पाना टांगून ठेवला होता. झाकणाचा बोल्ट सैल झाला की फिटरला हाक न मारता स्वतःच आवळायचा. नियमात हे बसत नव्हतं. सासरे त्याला बोल बोल बोलायचे आणि तो गुणगुणत राहायचा.

एका संध्याकाळी सासरे तापाने फणफणून घरी आले. दिवसभर मिक्सरचं काम काढलं होतं, पातं उतरवून पुन्हा चढवलं होतं. कसंबसं संपवून, पेटी बंद करून ते निघाले होते. त्या दिवशी पेटीवर नजर टाकायची राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच "सकाळी बघू" म्हणाले असावेत. मिक्सर सकाळीच सुरू व्हायचा होता, त्यामुळे तसं बिघडत काही नव्हतं.

ते झोपले आणि सासूबाई पेटीजवळ जाऊन बसल्या. रोज रात्री सासरे चिंधीला तेल लावून त्या दिवशी वापरलेली हत्यारं पुसत, हे त्या लग्नापासून लांबून बघत आल्या होत्या. "आज त्यांच्याने होणार नाही," त्या मला म्हणाल्या, "मीच पुसते. कळणार पण नाही." मी दारात उभी होते.  एकेक हत्यार काढून, पुसून, त्या ज्याच्या त्याच्या घरात ठेवत होत्या. आणि मध्येच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं, इथलं एक नाही!"

आम्ही खाटेखाली पाहिलं, पिशवीत पाहिलं. सासूबाई रडवेल्या झाल्या. "माझ्याकडून पाना कुठे पडला? डोळे उघडल्यावर बघतील तर जीव खालीवर होईल त्यांचा. आधीच ताप." मग त्यांना एकदम आठवलं. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, झाऱ्याच्या आणि लाटण्याच्या खाली, एक जुना पाना पडलेला असे. त्याचं तोंड झिजलं म्हणून सासऱ्यांनी तो पेन्शनीत काढला होता आणि घरच्या किरकोळ कामांना दिला होता. सासूबाईंनी तो घासला, पुसला, चमकवला आणि त्या रिकाम्या घरात ठेवला. अगदी चपखल बसला. बसणारच, घर त्याच्याच मापाने कापलेलं होतं.

"सावकाश खरा शोधून ठेवू," त्या म्हणाल्या. "तू गप्प बस हं." मी हसले. त्यात न हसण्यासारखं काय होतं? नवऱ्याला बरं वाटावं म्हणून एक बाई धडपडत होती, आणि ते बघायला मला छान वाटत होतं.

सकाळी ताप उतरला होता. सासऱ्यांनी उठल्या उठल्या झाकण उघडलं, नजर टाकली. सगळी घरं भरलेली, सगळं लखलखतंय. त्यांनी वळून सासूबाईंकडे पाहिलं.

"तू पुसलीस?"

सासूबाईंनी नुसती मान हलवली.

"छान पुसलीस," ते म्हणाले.

कौतुकाच्या बाबतीत आमच्या सासऱ्यांचा हात फार आखडता होता. त्या दोन शब्दांवर सासूबाई दिवसभर तरंगत होत्या. भाजी चिरताना मध्येच हसत होत्या. आजही कुणी जुन्या दिवसांबद्दल विचारलं की त्या हीच गोष्ट सांगतात, तापाची आणि पेटीची, आणि मी उठून आत जाते.

त्या सकाळी गुणगुण्याने मिक्सर सुरू केला. थोड्या वेळाने आतून असा आवाज आला की ओव्हनवरची माणसंसुद्धा धावत आली. पातं मोडलं, दांडा वाकला, पिठाचा सगळा घाणा फेकून द्यावा लागला. कुणाला लागलं नाही हे नशीब. पिठातून एक वेडावाकडा झालेला पाना निघाला. सतरा नंबरचा.

मॅनेजरने सगळ्यांना मिक्सरभोवती उभं केलं. हा पाना कुणाचा? त्या खात्यात सतरा नंबर वापरणारे दोघेच, आणि दोघांचेही पाने एकाच दुकानातले. गुणगुण्याने खिळ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा होता. "माझा कालपरवापासून सापडत नाहीये, कुणीतरी नेलाय," तो म्हणाला. कुणाला ते पटलं नाही. मग सगळे सासऱ्यांकडे वळले. त्यांनी पेटी टेबलावर ठेवली आणि सगळ्यांसमोर झाकण उघडलं.

"माझी पेटी भरलेली आहे," ते छाती ठोकून म्हणाले. "बघून घ्या."

यातलं बहुतेक त्यांनीच त्या संध्याकाळी आम्हाला सांगितलं. पुढचं सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. गुणगुण्या पुढे आला होता. वाकून त्याने पेटीत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "फिटरची पेटी भरलेली आहे. म्हणजे माझाच असणार. मीच विसरलो असेन."

त्याने भांडायला हवं होतं असं मला आजही वाटतं. आरडाओरडा करायला हवा होता, म्हणायला हवं होतं की तो पाना नीट हातात घेऊन बघा. पण त्याचा स्वतःच्या आठवणीपेक्षा त्या पेटीवर जास्त विश्वास होता. त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. "दोस्त आहे," सासरे जेवता जेवता म्हणाले, "पण खोटं कसं बोलू?" सासूबाई हळहळल्या. आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. आमचा पाना घरातच कुठेतरी पडलाय असं आम्ही धरून चाललो होतो. पिठातून निघालेला पाना कितव्या नंबरचा, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी आम्हाला पेटीतल्या पान्यांचे नंबर कुठे ठाऊक होते? आमच्यासाठी ते सगळे पाने. गुणगुण्या पुन्हा आमच्याकडे आला नाही. लाजेने येत नसेल असं सासरे म्हणत.

मिक्सर दुरुस्तीला बाहेरगावी गेला आणि कितीतरी महिने आलाच नाही. सतरा नंबर लागायचा तो मुख्यतः त्याच यंत्राला, त्यामुळे तोवर पान्याला हात लावायची वेळ आली नाही. मिक्सर परत आला, सासऱ्यांनी पाना काढला, बोल्टला लावला, जोर दिला आणि पाना सटकला. बोटांची सालटी निघाली. चांगल्या पान्याने असं होत नाही. त्यांनी तो उजेडात धरला आणि त्याचं झिजलेलं तोंड ओळखलं. ओळखणारच, स्वतःच्या हाताने झिजवलेलं होतं ते.

दुपारीच घरी आले. हाताला फडकं गुंडाळलेलं. सासूबाई बाजारात गेल्या होत्या. ते सरळ स्वयंपाकघरात गेले, ड्रॉवर उघडला, झारा बाजूला केला, लाटणं बाजूला केलं.

"इथला जुना पाना कुठे गेला?"

"तो होय!" मी हसत म्हणाले. "तुम्हाला ताप होता ना, त्या रात्री आईंना पेटीत एक पाना दिसेना. तुम्हाला त्रास नको म्हणून त्यांनी तो ठेवून दिला. अजून तोच आहे का?"

ते खाली बसले. पेटीवर नाही, जमिनीवर बसले. मी घाबरून पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मग सांगितलं, पिठातून निघालेला पाना त्याच नंबरचा होता. 

"मी जागा बघितली," ते म्हणाले. "पाना बघितलाच नाही. एकदा हातात घेतला असता तरी कळलं असतं."

 जिन्यावर सासूबाईंची चाहूल लागली तसे ते उठले. "तिला यातलं काही कळता कामा नये," ते म्हणाले. "आयुष्यात एकदा मी तिला चांगलं म्हटलंय." त्यांनी जुना पाना ड्रॉवरमध्ये परत टाकला, त्यावर झारा ठेवला आणि तोंड धुवायला गेले. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलंच, "अहो, ते पान्याचं घर रिकामं कसं?"  "झिजला होता तो, हात घसरतो," ते म्हणाले. "मग नवा आणा." "आणू," ते म्हणाले.

ते मॅनेजरकडे गेले. सगळं सांगितलं, फक्त घरातल्या बाईचं नाव घेतलं नाही. माझ्या नजरेची चूक, असं म्हणाले. मॅनेजर ऐकून घेऊन म्हणाला, झालं ते झालं, आता मिटलेलं कशाला उकरता, त्याच्या जागी माणूसही घेतलाय, आणि तुमच्यासारखा फिटर आम्हाला कुठे मिळणार? त्यांना वाटलं होतं आपल्याला काढतील. निदान चार शब्द सुनावतील. त्याऐवजी चहा मागवला. त्या चहाचा राग त्यांना शेवटपर्यंत होता.

मग एका सुट्टीच्या दिवशी ते सासूबाईंना म्हणाले की चष्म्याचा नंबर काढायला जातो, सुनेला बरोबर नेतो. आम्ही गुणगुण्याच्या घरी गेलो. एका शिंप्याच्या दुकानाच्या वर त्याची खोली होती. जिना चढताना मी कान देऊन ऐकत होते. खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता, वरून काहीच नाही.

त्याच्या बायकोने दार उघडलं. तो खिडकीशी बसला होता, आम्हाला बघून गडबडीने उठला. केवढा वाळला होता. चपलांच्या एका दुकानात दार उघडायला उभं राहण्याचं काम मिळालं होतं. "बरं आहे," तो म्हणाला. "त्यात विसरण्यासारखं काही नसतं." बायको म्हणाली, "यंत्राच्या कामाला बोलावणं आलं होतं की. हेच नाही म्हणाले. आता घरात पण तेच. गॅस बंद केला का, नळ बंद केला का, पुन्हा पुन्हा उठतात. मीही फार बोलले यांना त्या वेळी. एवढा पाना आत राहतो आणि तुम्हाला कळत नाही, म्हटलं."

सासरे उभेच होते. "तो पाना माझा होता," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. ताप, पेटी न बघता निघणं, भरलेलं दिसणारं घर. कुणी भरलं ते नाही सांगितलं.  मला वाटलं आता गुणगुण्या ओरडेल, निघा म्हणेल, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. त्याने फक्त विचारलं, "पेटी तर भरलेली होती. मी स्वतः पाहिली."

"दिसत होती भरलेली."

तो खाली बसला.  मग लहान मुलाने विचारावं तसं त्याने विचारलं, "म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही रे," सासरे म्हणाले.

"मी रोज आठवायचो," तो म्हणाला. "कधी आत हात घातला, कधी ठेवला. आठवायचंच नाही. मग वाटायचं, एवढं मोठं आठवत नाही, तर आणखी काय काय विसरत असेन." त्याने बायकोकडे पाहिलं. "ऐकलंस ना? मी नव्हतो विसरलो." ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली. सासऱ्यांनी हात जोडले. त्याने ते धरून खाली केले. "राहू दे. तू आलास ना सांगायला," तो म्हणाला. माफ केलं असं म्हणाला नाही, आणि केलं नाही असंही नाही.

मॅनेजर तुला परत घेणार नाही हेही सासऱ्यांनी सांगून टाकलं. तो म्हणाला, "मला तरी आता कुठे जमणार."

आम्ही निघालो तेव्हा बायकोला काही आणायचं होतं, म्हणून तीही निघाली आणि तो खालपर्यंत सोडायला आला. ती पिशवी घेऊन पुढे झाली. त्याने दार ओढलं, कुलूप लावलं, हिसका देऊन पाहिलं. आम्ही जिना उतरायला लागलो. तो अर्ध्यात आला आणि थांबला.

"जरा थांबा हं," तो ओशाळून म्हणाला आणि वर गेला. कुलूप ओढून पाहिल्याचा आवाज आला. परत खाली आला, सासऱ्यांकडे बघून हसला, दोन पायऱ्या उतरला, आणि पुन्हा वर गेला.

सासरे कठडा धरून उभे होते. वर कुलूप वाजत होतं, पुन्हा पुन्हा. शेवटी त्यांनी मला खुणेने चल म्हटलं आणि आम्ही त्याची वाट न बघता रस्त्यावर आलो.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सासरे रोज प्रत्येक हत्यार हातात घेऊन, तोंड तपासून मग घरात ठेवत. सतरा नंबर लागला तर कारखान्यातून मागून घेत आणि काम झालं की परत करत, नवा मात्र आणला नाही. सतरा नंबरच्या घरात बोट घालून बघत, तिथे काही नाही ना याची खात्री करत, आणि मगच झाकण लावत. सासूबाई अजूनही अधूनमधून ड्रॉवर आवरताना तो जुना पाना काढतात आणि मला विचारतात, "हा ठेवू का गं पेटीत? रिकामं बघवत नाही." मी त्यांच्या हातातून तो घेते आणि झाऱ्याखाली ठेवून देते.